भुकेलं पाणी

“कळशीच्या आतलं पांढरं खरवडू नको वं कुमुद. नुसता हात फिरव, पाणी टाक अन् पालथी घाल. खरवडली त गळंन.”

सासूबाईंचं हे बोलणं कुमुदबाईंना बेचाळीस वर्षांनी आठवलं, ते अकोल्याच्या दवाखान्यातून घरी येताना. गाडीत शेजारी त्यांची सून ओवी खिडकीला डोकं टेकून बसली होती. सात महिन्यांचं पोट घेऊन गेलेली मुलगी रिकामी परत येत होती. पुढे त्यांचा मुलगा प्रज्वल. गाडी आपली आपण चालत होती, तरी त्यानं दोन्ही हात चाकावर ठेवले होते. हातांना काहीतरी धरायला हवं होतं.

निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, “घरात शिशाचं काही आहे का? जुना रंग, जुने नळ, जुनी भांडी? ओवीच्या रक्तात शिसं फार निघालंय. पोटातलं लेकरू त्यानंच गेलं असावं. ते येतं कुठून, हे शोधायला हवं.”

कुमुदबाई लगेच म्हणाल्या होत्या, “नाही हो. नळ सारे प्लास्टिकचे. अन् पाणी त आमच्याकडं आता तीर्थासारखं आहे.”

आणि आता, गावाचा फाटा दिसू लागताना, सासूबाईंची तांब्याची कळशी डोळ्यांपुढे उभी राहिली. तिचं बूड, बुडाचा सांधा, आणि त्या सांध्यात फार पूर्वी कोण्या कासारानं ओतलेली करडी रेघ. कुमुदबाईंनी पदर तोंडाशी धरला. ओवीनं मान वळवून पाहिलं, तिला वाटलं आई रडताहेत. तिनं हात पुढे करून त्यांचा हात धरला. तो हात कुमुदबाईंना सोसवेना.

नांदखारी हे गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि नव्या नवरीचा पहिला चहा हमखास फाटायचा. गावातल्या प्रत्येक भांड्याला आतून पांढरा थर धरलेला असायचा. पाण्याचं काय, माणसाला सवय होते. मूत्रपिंडांना होत नाही. पन्नाशी आली की घराघरातून एकेक माणूस अकोल्याच्या वाऱ्या करू लागायचा. कुमुदबाईंचे यजमान भास्करराव चार वर्षं यंत्रावर रक्त धुऊन घेत जगले. शेवटी शेवटी त्यांना दिवसाला दोनच पेले पाणी प्यायची मुभा होती. ते म्हणायचे, “दोनच देता, मंग गोड त द्या.”

कुमुदबाई नेमाच्या बाई. रोज पोथीचा एक अध्याय, तुळशीला पाणी, सोमवारी एकभुक्त. भास्करराव गेल्यावर त्यांनी नेमात भर घातली. गावात गोडं पाणी येईपर्यंत दिवा लावल्यानंतर आपण पाणी प्यायचं नाही. याची वाच्यता त्यांनी कुठे केली नाही. अकरा वर्षं ते पाळलं.

आणि दोन वर्षांपूर्वी, अक्षय्य तृतीयेला, गावात चाळणी आली.

चाळणी हे गावानं दिलेलं नाव. खोलीएवढी पेटी, वर विजेसाठी सूर्यपत्रे आणि आत केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ असा एक पापुद्रा. ती बसवायला आलेली रुचा वानखडे ही इंजिनियर मुलगी देवळाच्या ओट्यावर बसून बायांना समजावून सांगायची. “मीठ पाण्यात विरघळतं म्हणजे नाहीसं होत नाही, काकू. त्याचे कण सुटे होतात. पाण्याचे कण त्यांना चारी बाजूंनी घेरतात आणि घेऊन फिरतात. म्हणून फडक्यातून कितीही गाळलं तरी खारटपणा जात नाही. या पापुद्र्याची भोकं अशी आहेत, की पाण्याचा एकटा कण निसटतो. घोळका घेऊन चाललेला मिठाचा कण अडतो.”

“म्हणजे वरातीतला नवरदेव अडते अन् एकटा पाहुणा जेवून जाते,” सिंधूकाकू म्हणाल्या. ओटा हसला.

रुचाही हसली. मग तिनं शेवटची टाकी दाखवली. तीत चुनखडीचे पांढरे खडे अंथरले होते. “पाणी अगदी कोरं सोडायचं नसतं. यातून थोडंसं परत त्यात जातं.”

“घ्या,” सिंधूकाकू म्हणाल्या. “न्हाऊमाखू घालून पुन्हा चिखलात बसवा.”

दोन महिन्यांतच गावाची कुरकुर सुरू झाली. पाण्याला चुन्याची चव येते. पाणीसमितीच्या अध्यक्ष कुमुदबाईच होत्या, आणि त्या सहसा काही मागत नसत, म्हणून त्यांचं मागणं जड असे. त्या हळू आवाजात रुचाला म्हणाल्या, “बाई, चार पिढ्या आम्ही चुना प्यायलो. देवाला जे पाणी घालायचं त्यात काही नसावं, असं मला वाटते.” रुचानं विचार केला. गावातली नळ-वाहिनी नवी, सगळी प्लास्टिकची. तिनं गावाचा अर्ज वर पाठवून परवानगी आणली आणि टाकी वगळून पाणी सरळ सोडलं. त्या अर्जावर पहिली सही कुमुदबाईंची होती.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला कुमुदबाईंनी गावातल्या बाया जमवल्या. पितरांच्या नावानं घागर भरायची, तर ती खारट पांढऱ्या अंगाची कशी चालेल? एकेचाळीस घरांतली तांब्यापितळेची भांडी देवळापुढे आली. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून बायांनी ती आतून-बाहेरून घासली. थर चिंचेच्या आंबटानं फसफसायचा आणि सुटायचा. खाली कधी न पाहिलेलं लालसर तांबं लखलखायचं. कुमुदबाईंनी सासूबाईंची कळशी घेतली तेव्हा त्यांचा हात क्षणभर थांबला होता. मग त्यांनी ती घासली, पाणी भरलं आणि बुडाखाली कोरडं फडकं अंथरून तासभर पाहिलं. एक थेंब गळला नाही. सासूबाई उगीच भ्यायच्या, त्यांना वाटलं.

ओवीला दिवस गेल्याचं कळलं, त्या दिवशी कुमुदबाईंनी नवा नेम धरला. या लेकराला पहिल्यापासून गोडं पाणी, तेही देवाजवळचं. घरातले सगळे माठातलं पीत. कळशी फक्त ओवीची.

“आई, देवापेक्षा मीच जास्त पाणी पिते,” ओवी थट्टा करायची. अमरावतीची मुलगी, घरबसल्या लहान मुलांना गणित शिकवायची. शिकवताना टेबलावर तिची बाटली असायची, कळशीतून भरलेली. “तुमचा देव रागावेल एखाद्या दिवशी.”

“देव दोन पळ्या पितो,” कुमुदबाई म्हणायच्या. “बाकीचं तुझ्याचसाठी ठेवतो.”

सहाव्या महिन्यात ओवीचं पोट दुखू लागलं, चेहरा पिवळसर झाला. गावातल्या दवाखान्यात लोहाच्या गोळ्या वाढवल्या. कुमुदबाईंनी पाणी वाढवलं.

दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी रुचा आली. ओवीच्या रक्ताचा अहवाल जलविभागाकडे गेला होता. ओवी आत झोपली होती. प्रज्वल लेकरू मातीत ठेवलं होतं तिथे दूध घालायला गेला होता. रुचा ओसरीवर बसली, पायातल्या चपला काढायलासुद्धा विसरली आणि मग ओशाळून काढल्या. नळाचं पाणी तपासलं, स्वच्छ. माठाचं तपासलं, स्वच्छ.

“काकू, ती आणखी कुठलं पाणी प्यायची?”

कुमुदबाई उठल्या. मागच्या पडवीतून कळशी आणली आणि रुचापुढे ठेवली. घरी आल्याबरोबर त्यांनी ती पालथी घातली होती. रुचाच्या सांगण्यावरून नळाचं पाणी भरलं, आणि दोघी तिच्याकडे पाहत बसल्या.

“रोज कधी भरायच्या?”

“दिवेलागणीला. रात्रभर देवाजवळ असे.”

रुचा लिहीत होती. “बारा तास. मग?”

“सकाळी अंगणात ठेवत होतो. सूर्यनारायणाला दाखवून. पोथी होईपर्यंत.”

“उन्हात किती वेळ?”

“अध्याय मोठा असला त दोन तास.”

“वैशाखात पण? अठ्ठेचाळीस अंश होतं तेव्हा.”

“नेम होता,” कुमुदबाई म्हणाल्या.

“घासायच्या कधी?”

“रोज. चिंच अन् मीठ लावून.”

“आतून पण?”

“आतून जास्त. प्यायचं पाणी आतच असते ना.”

रुचानं लेखणी खाली ठेवली. तिच्याकडे बोटाएवढी एक पट्टी होती. तिच्यावर कळशीतला थेंब टाकला की फोनवर आकडा उमटे. पाणी भरून पाऊण तासच झाला होता. आकडा आला. रुचानं तो दोनदा पाहिला.

“चालेल म्हणतात त्याच्या नऊपट. पाऊण तासात. बारा तासांचा, उन्हातला आकडा मला सांगायचा नाही, काकू.”

“सांग.”

“दोनशेपट असेल. जास्तही.”

तुळशीजवळ चिमण्या भांडत होत्या. कुमुदबाई म्हणाल्या, “मला नीट समजव. मी पाक करते, मला विरघळणं कळते. तसं सांग.”

रुचानं आवाज सावरला. “तुम्ही पाकात साखर घालता. थंड पाण्यात थोडी मावते, गरम केलं की जास्त. ढवळलं की लवकर, खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर. आणि मावायची हद्द संपली की उरलेली तळाशी बसते. होय ना?”

“हाव.”

“आपलं जुनं पाणी हद्दीपर्यंत भरलेलं होतं. चुना त्यात मावत नव्हता, म्हणून तो बाहेर पडून भांड्याला बसायचा. तोच तुमचा पांढरा थर. या कळशीच्या सांध्यात शिसं आहे. त्या थरानं त्याला पांघरूण घातलं होतं. खारं पाणी मूत्रपिंडांना वाईट, पण शिशापर्यंत ते पोचतच नव्हतं. चाळणीतलं पाणी कोरं. त्यात काहीच नाही, म्हणून त्याला सगळं हवं असतं. आम्ही अशा पाण्याला भुकेलं पाणी म्हणतो. हवेतला वायू त्यात उतरतो आणि ते किंचित आंबटही होतं. थर चिंचेनं गेला होता. सांधा उघडा. रोज घासल्यानं रोज नवा उघडा. वर बारा तासांची सवड आणि ऊन.” ती थांबली. “आणि प्लास्टिकचे नळ पाहून मी खड्यांची टाकी वगळली. घराघरात भांडी कसली आहेत, हे मी विचारलंच नाही. नाही म्हणायचं काम माझं होतं, काकू. तुमची भक्ती पाहून मला नाही म्हणवलं नाही.”

कुमुदबाई कळशीकडे पाहत होत्या. गळली होती ती. सासूबाई म्हणाल्या तशी, खरवडल्या दिवसापासून गळत होती. फडकं त्यांनी बाहेर अंथरलं होतं, आणि ती आत गळत होती.

“खडे आजच परत टाकते,” रुचा म्हणाली. “पण भांड्यांवर थर धरायला वर्षं लागतील. शिशाचा सांधा असलेली भांडी बाजूलाच ठेवायला हवीत. मी पत्रक काढते. अहवालात तुमचं नाव लागणार नाही. ‘एका घरी’ एवढंच लिहीन.”

“पत्रक कोण वाचते बाई,” कुमुदबाई म्हणाल्या.

रुचा गेली. जाताना तिनं पट्ट्यांचं एक पुडकं ओट्यावर ठेवलं.

दिवसभर बाया येत-जात राहिल्या. ओवीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत, देवाची मर्जी. सिंधूकाकूंनी खिचडी आणली आणि कुमुदबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, “तू कायले जीव जाळतं? तुझ्यासारखं त कोणी केलंच नसतं. देवाजवळचं पाणी पाजलं तू तिला.” त्यांच्यामागे त्यांची सून मयुरी उभी होती. तिला पाचवा महिना होता. तिनं ओवीकडे पाहायचं टाळलं आणि दाराच्या चौकटीवर नखानं रेघा ओढत राहिली.

“मयुरीले पण मी आता पितळी घागरीतलंच देतो,” सिंधूकाकू म्हणाल्या. “तुझ्यावाणी. चिंच लावून.”

कुमुदबाईंच्या तोंडाशी शब्द आला. तेवढ्यात आतून ओवीनं कूस बदलल्याचा आवाज आला, आणि शब्द मागे गेला. आधी हिला सांगायचं, त्यांनी ठरवलं. हिच्याआधी गावाला कळणं बरं नाही. मग लगेच उमगलं, की हे आपण ठरवत नाही, लांबवतो आहोत. एका घरी, एवढंच लिहिलं जाणार होतं. देवाची मर्जी, एवढंच बोललं जाणार होतं. कोणी विचारणार नव्हतं.

“सिंधू,” त्या म्हणाल्या, “आज तिला माठातलं दे. उद्या मी येतो, मंग कारण सांगतो.”

“कारण कायले पाह्यजे? तू म्हटलं त माठातलं,” सिंधूकाकू म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी असं पटकन मानलं, तेच कुमुदबाईंना जास्त लागलं.

ऊन उतरल्यावर त्या ओवीच्या खाटेशी गेल्या. ओवीला दूध आलं होतं. प्यायला कोणी नाही, हे त्या देहाला कोण सांगणार. छातीवर कापड घट्ट बांधून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आई,” तीच आधी बोलली, “तीन दिवस झाले, कळशी देवाजवळ नाही. आज रुचाताईंचा आवाज ऐकला मी. सगळं नाही ऐकू आलं.”

कुमुदबाई खाली जमिनीवर बसल्या. त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाईंचं बोलणं, खड्यांची टाकी, पहिली सही, चिंच, बारा तास, ऊन. काही वगळलं नाही, काही सजवलं नाही. पोथी सांगावी तसं एका लयीत सांगत गेल्या, कारण मध्ये थांबल्या असत्या तर पुढे गेल्या नसत्या. शेवटी म्हणाल्या, “तुझं लेकरू माझ्या हातानं गेलं.”

ओवी भिंतीकडेच पाहत होती. चुलीवरची खिचडी लागल्याचा वास आला, कोणी उठलं नाही.

“त्या बाटलीतलं पाणी मी त्याला मोठ्यानं सांगून प्यायचे,” ती म्हणाली. “हा घे, आजीचा घोट.”

कुमुदबाईंनी डोळे मिटून घेतले.

“मला तुमचा राग येतोय. तो जाईल की नाही, ते आज नाही सांगता येणार. तुम्ही मला विचारू पण नका.”

“नाही विचारत.”

“तुम्ही मुद्दाम नाही केलं, हे मला कळतंय. त्यानं काही कमी होत नाही.”

“नाही होत, माय.”

ओवी उठून बसली. कापडाखाली छाती ओली झाली होती, तिनं ओढणी वर घेतली. “मयुरीचं काय?”

“आज माठातलं पाजायला सांगितलं. कारण नाही सांगितलं.”

“आणि बाकीची घरं? चांदेकरांची जुळी आहेत. दोन वर्षांची.” तिला धाप लागली होती. “रुचाताईंचं पत्रक कोणी वाचणार नाही. डॉक्टर सांगतील तर लोक म्हणतील, तांब्याचं पाणी वाईट कसं? तुम्ही भांडी घासा म्हटलं, तर एकेचाळीस घरांनी घासली. आता तुम्हीच जा. दारोदार. आणि माझं काय झालं ते सांगा. ‘एका घरी’ म्हणू नका. माझं नाव घ्या. बाळाचं पण सांगा. मुलगा होता म्हणून सांगा.”

“सांगीन.”

“तुम्ही केलं, हे पण सांगाल?”

“तेच आधी सांगीन.”

“वचन द्या.”

कुमुदबाईंनी आयुष्यात पुष्कळ वचनं दिली होती, पण सगळी देवाला. देव उलटून विचारत नाही. त्यांनी हात पुढे केला. ओवीनं तो हातात घेतला नाही, पण आपला हात त्याच्या शेजारी, गोधडीवर ठेवला. दोन हातांत बोटभर अंतर होतं.

सकाळी कुमुदबाईंनी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. पोथी लाल फडक्यात बांधलेली होती. रोजच्या सवयीनं त्यांनी गाठीला हात घातला, आणि मग ती तशीच राहू दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अध्याय राहिला. तुळशीला त्यांनी माठातलं पाणी घातलं. कळशी उचलली. बेचाळीस वर्षांत ती एवढी कधी चमकली नव्हती. उन्हात तिच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी ती पदराखाली कमरेवर घेतली, दुसऱ्या हातात पट्ट्यांचं पुडकं.

आत ओवी जागी होती. तिनं विचारलं, “आधी कुणाकडे?”

“मयुरीकडं.”

“काही खाऊन जा,” ओवी म्हणाली. आवाजात माया नव्हती. रागही नव्हता.

“येऊन खाईन.”

गल्लीत कोणी नव्हतं. पलीकडच्या सिंधूकाकूंच्या अंगणातून तांब्यापितळेवर चिंच घासल्याचा आवाज येत होता, सावकाश, मन लावून घासल्याचा. कुमुदबाई एकवार थांबल्या, पदर नीट केला आणि त्या आवाजाच्या दिशेनं चालू लागल्या.